एफ म्हणजे पडला

२१एफ-१पी३.

हा वायफायचा पासवर्ड नाही. इंग्लंड-आयर्लंडमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारत घोडे धावतात, त्या शर्यतींच्या कार्डावर प्रत्येक घोड्याच्या नावाशेजारी अशी एक ओळ छापलेली असते. डावीकडून उजवीकडे वाचायची. सगळ्यात ताजी शर्यत उजव्या टोकाला. आकडा म्हणजे कितवा आला. मधली रेघ म्हणजे सीझन बदलला. पी म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. यू म्हणजे जॉकी खाली आला, घोडा उभाच राहिला. बी म्हणजे दुसरा कोणी पडला आणि त्याच्यापायी हाही आडवा झाला. आणि एफ म्हणजे घोडा स्वतः पडला.

ही ओळ वाचता येणं ही या नादातली बाराखडी. एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल असते, तेव्हा लाखो लोक ही ओळ वाचतात आणि वर्षभरातला एकमेव घोडा निवडतात. निवडायचं कसं, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. सुमारे ६.९ किलोमीटर अंतर आणि ३० उड्या. म्हणजे आधी बघायचं, एवढं लांब हा घोडा कधी गेलाय का. मग जमीन. पाऊस पडून ती जड झाली असेल तर हलक्या पायाचा, वेगाचा घोडा बाद. चिखलात तोंड खाली घालून ओढत राहणारा पुढे येतो. मग वजन, कारण ही हँडिकॅप शर्यत आहे: चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त ओझं, म्हणजे तत्त्वतः सगळे एकाच वेळी पोहोचावेत. मग ट्रेनर, जॉकी, मागची शर्यत किती दिवसांपूर्वी झाली वगैरे. आणि या सगळ्यात मिसळलेला प्रश्न: उडी कशी मारतो? पडतो का?

म्हणजे पडण्याची शक्यता हा अंदाजातला बाहेरून आलेला अपघात नाही. तो अंदाजाचाच एक रकाना आहे. ओळीत दोन एफ दिसले की जाणकार म्हणतो, ‘या भावात परवडत नाही.’ भाव वीसास एक झाला की तोच माणूस म्हणतो, ‘आता बघायला हरकत नाही.’

इथे एक बारकी गोष्ट आहे, जी मला बराच काळ लक्षात आली नव्हती. कार्डावर दिसणारा प्रत्येक एफ हा उठलेल्या घोड्याचा एफ असतो. जो उठला नाही, त्याची ओळच पुढच्या कार्डावर येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं कार्डं वाचणाऱ्याच्या डोळ्यांना एक सवय लागते: पडणं म्हणजे पुन्हा धावायला येणं.

आता निवडण्याकडे परत. चांगला टिपस्टर ‘हा जिंकेल’ असं मनातल्या मनात कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘याचा भाव चुकलाय.’ ४/१ हा भाव म्हणजे जिंकण्याची शक्यता २० टक्के. माझ्या हिशेबाने ती २५ टक्के असेल, तर निवड योग्य. चारपैकी तीनदा मी हरणारच आहे, तरीही योग्य. (सगळ्या घोड्यांच्या भावांतून निघणारे टक्के बेरीज केले की शंभराच्या वर जातात. तो वरचा भाग बुकीचा. त्याचं घर त्यावर चालतं.) म्हणून या धंद्यातला पहिला धडा असा, की निकालावरून निर्णयाची किंमत करायची नाही.

११ मार्च २०२५, चेल्टनहॅम, चॅम्पियन हर्डल. कॉन्स्टिट्यूशन हिल हा तोवर एकदाही न हरलेला, २०२३चा विजेता. स्टेट मॅन, २०२४चा विजेता. ब्रायटरडेजअहेड, जबरदस्त फॉर्मात असलेली घोडी. सगळे अंदाज या तिघांभोवती फिरत होते. कॉन्स्टिट्यूशन हिल वाटेतच पडला. स्टेट मॅन पुढे निघाला, मैदान मारल्यातच जमा होतं, आणि शेवटच्या अडथळ्यावर तोही पडला. जिंकली २५/१ची गोल्डन एस. दोन्ही पडलेले घोडे उठले, धडधाकट निघाले. त्या सकाळी कॉन्स्टिट्यूशन हिल निवडणारा मूर्ख होता का? नव्हता. गोल्डन एसने वर्षभरापूर्वी याच मैदानावर ब्रायटरडेजअहेडला हरवलं होतं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आठवलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

निर्णय जोखायचा तो निर्णयाच्या क्षणी काय माहीत होतं त्यावरून. हे तत्त्व मला पटतं, आणि शर्यतींपलीकडेही उपयोगी वाटतं. पण पैशांपुरतं ते पाळायचं आणि घोड्याच्या मरणाच्या बाबतीत गुंडाळून ठेवायचं, असं करता येईल का? इथेच घोडं पेंड खातं.

नॅशनलची तीन वर्षं घ्या. २०२३ : आंदोलकांनी मैदानात घुसून शर्यत लांबवली, शंभराहून जास्त लोकांना अटक झाली, शर्यत सुरू झाली आणि हिल सिक्स्टीन पहिल्याच अडथळ्यावर पडून मेला. आंदोलक म्हणाले, बघा, आम्ही हेच सांगत होतो. घोड्याचा ट्रेनर म्हणाला, तुमच्या गोंधळामुळे घोडा बिथरला. २०२४ : घोड्यांची कमाल संख्या ४०वरून ३४वर आणली, पहिला अडथळा सुरुवातीच्या जागेजवळ सरकवला, म्हणजे तिथवर वेग कमी राहावा. एकही घोडा पडला नाही. शर्यतीवाले म्हणाले, झालं की नाही सुरक्षित? २०२५ : १३ वर्षांचा सेलेब्र दालेन शेवटच्या टप्प्यात कोसळला आणि काही दिवसांनी गेला.

तत्त्वज्ञानात याला ‘नैतिक नशीब’ म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७०च्या दशकात हा प्रश्न नीट मांडला: दोन ड्रायव्हर सारख्याच बेफिकिरीने गाडी चालवतात, एकाच्या वाटेत मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. आपण पहिल्याला जास्त दोषी का धरतो? बहुतेकांना हा प्रश्न अवघड वाटतो. टिपस्टरला वाटू नये. त्याने निकाल आणि निर्णय वेगळे ठेवण्याचं व्रतच घेतलंय. मग २०२४चा स्वच्छ शनिवार त्याला निर्दोष ठरवत नाही, आणि २०२३चा शनिवार त्याला जास्त दोषीही ठरवत नाही. दोन्ही सकाळी त्याला भाव माहीत होता.

भाव काढताही येतो. ब्रिटनमधल्या सगळ्या शर्यती मिळून, धावणाऱ्या दर हजार घोड्यांमागे साधारण दोन मरतात. अडथळ्यांच्या शर्यतींत हे प्रमाण सपाट शर्यतींपेक्षा जास्त असतं, पण आपण कमीच धरू. दिवसभरात १०० घोडे धावले, तर त्यांतला निदान एक परत न येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. कार्डाच्या भाषेत ९/२. एखाद्या शर्यतीत ९/२चा घोडा जिंकला तर कोणी त्याला अपघात म्हणत नाही. म्हणतात, फॉर्म होताच.

आपल्याकडच्या कायद्याने यात एक गंमतच करून ठेवली आहे. भारतात घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं जुगारात का मोडत नाही? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा वंश, जॉकी, मागची कामगिरी अभ्यासून निवड करता येते. (महालक्ष्मीला धावतात ते घोडे सपाट शर्यतीत धावतात, उड्यांचा प्रकार तिथे नाही, पण तर्क तोच.) हाच ‘कौशल्य’ शब्द पुढे फँटसी क्रिकेटच्या ॲप्सनी ढालीसारखा वापरला, आणि २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरती ती ढाल काढून घेतली. पण न्यायालयाचं म्हणणं खरं मानलं तर त्याची दुसरी बाजूही खरी मानावी लागते. लॉटरीचं तिकीट काढणारा म्हणू शकतो, मला काय माहीत होतं? कौशल्यवाला म्हणू शकत नाही. ज्या अभ्यासामुळे तो जुगारी ठरत नाही, त्याच अभ्यासामुळे त्याला एफचा भाव माहीत असतो.

बचाव मला ठाऊक आहेत. घोड्यांना धावायला आवडतं, हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय. जॉकी पडल्यावरही घोडा कळपाबरोबर उड्या मारत राहतो, हे खरं आहे, कोणत्याही नॅशनलमध्ये दिसतं. पण असे मोकळे घोडे अनेकदा अडथळ्याला वळसा घालूनही जातात, आणि त्या वळशाला आपण मत मानत नाही. दुसरा बचाव जास्त ताकदीचा: शर्यती नसत्या तर हे घोडे जन्मलेच नसते. डेरेक पारफिटने माणसांच्या संदर्भात याच जातीच्या कोड्यावर खूप डोकं खपवलं. मला एवढंच दिसतं, की कोणाला जन्माला घालणं म्हणजे त्याच्यावर हवी ती जोखीम लादण्याचा परवाना नव्हे. आपण मुलांच्या बाबतीत असं बोललो तर लोक उठून जातील. जॉकीसुद्धा हाडं मोडून घेतात, हा तिसरा. हो, पण जॉकी कार्ड वाचू शकतो.

बैलगाडा शर्यतीचा वाद आपण २०१४च्या बंदीपासून २०२३च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत पाहिला. तिथे सगळी चर्चा परंपरेभोवती फिरली. बैलाला काय भाव पडतो, हे कोणी आकड्यांत मांडल्याचं मला तरी आठवत नाही. ब्रिटिशांचं एवढं कौतुक करावं लागेल की ते मोजतात आणि छापतात.

मोजल्यामुळे काही बदलतंही. अडथळ्यांच्या कडेला पूर्वी नारिंगी रंग असायचा. घोड्याच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक दिसत नाही, म्हणजे तो रंग आपल्यासाठी होता, उडी मारणाऱ्यासाठी नव्हता. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं आणि आता तिथे पांढरा रंग आला आहे. ४०चे ३४ घोडे करणंही त्याच जातीचं काम. मेलेल्या घोड्यासाठी सोशल मीडियावर टाकलेल्या काळ्या चौकटीने कोणाचा भाव हलत नाही. पांढऱ्या पट्टीने हलतो.

म्हणून शर्यत बघू नका, असं मी म्हणत नाही. मी स्वतः बघतो. टिपस्टरच्या प्रामाणिकपणाची माझी कसोटी मात्र बदलली आहे. त्याचे किती घोडे लागले, हे मी आता नंतर बघतो. आधी बघतो, जमीन टणक झाल्यावर त्याने ‘आज धावू नये’ असं कधी लिहिलंय का. १३ वर्षांचा घोडा कार्डावर दिसला तेव्हा त्याने भावाखेरीज आणखी काही लिहिलं का. नॅशनलच्या आदल्या आठवड्यात नावं पक्की होतात, हवामानाचा अंदाज येतो. यंदा मी यादी करताना प्रत्येक नावापुढे दोन भाव लिहिणार आहे, एक जिंकण्याचा आणि दुसरा घरी परतण्याचा. दुसरा जिथे मला लिहवणार नाही, तिथे पहिलाही लिहायचा नाही, असं ठरवलंय. ३४ नावांतून किती उरतात ते बघू. घोडामैदान जवळच आहे.