स्वारीशिवायचं शेजारपण

अक्राळविक्राळ प्राण्यांच्या गोष्टी सहसा दोनच ठिकाणी संपतात. एक तर त्या प्राण्याचा वध होतो, नाहीतर त्याच्याशी दोस्ती होते. सांगणारा तिथेच थांबतो, कारण पुढे रोजचं जगणं सुरू होतं. 'ड्रॅगन्स : रायडर्स ऑफ बर्क' या ॲनिमेशन मालिकेचा पहिला भाग मला मोलाचा वाटतो तो यासाठी की त्याची सुरुवात नेमकी तिथून होते.

ही मालिका २०१२ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली. त्याआधी २०१० मध्ये 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' हा चित्रपट येऊन गेला होता आणि त्याचं मूळ क्रेसिडा कॉवेल यांच्या २००३ सालच्या पुस्तकात होतं. बर्क नावाच्या बेटावरचे व्हायकिंग पिढ्यानपिढ्या ड्रॅगनांशी लढत आलेले असतात. सरदाराचा किडकिडीत मुलगा हिकप हा टूथलेस नावाच्या ड्रॅगनला घायाळ करतो, मग त्याच्या शेपटीच्या तुटलेल्या पंखाच्या जागी नवा पंख स्वतःच्या हाताने बनवून देतो. चित्रपटाच्या शेवटी हिकपचाही एक पाय गेलेला असतो आणि माणसं व ड्रॅगन एका गावात नांदू लागतात.

मालिकेचा पहिला भाग हे नांदणं कसं चाललंय ते दाखवतो. ड्रॅगन मासे पळवतात, छपरं मोडतात, हिवाळ्यासाठी साठवलेल्या अन्नाचा फडशा पाडतात. गावापासून दूर राहणारा मिल्ड्यू नावाचा म्हातारा शेतकरी सरदाराकडे येऊन ओरडतो, की यांना कोंडा, हाकलून द्या. मुलांच्या मालिकेत असं पात्र खलनायक म्हणून उडवून लावलं जातं. पण त्याचं शेत खरंच उद्ध्वस्त झालेलं असतं, हे विसरून चालणार नाही. सरदार स्टॉइक अखेर हुकूम देतो : रात्री सगळ्यांना कोंडायचं आणि सकाळी बेटाबाहेर पाठवायचं. मग हिकपच्या ध्यानात येतं, की ड्रॅगन ड्रॅगनासारखेच वागणार. त्यांच्याशी वागण्याची रीत गावाने शोधायची आहे. ड्रॅगनांच्या धाकाने मासळी जाळ्यात येते, त्यांच्या विष्ठेचं खत शेतांना मिळतं, आणि सरदार जुनं झुंजीचं मैदान मुलांना ड्रॅगन-प्रशाला म्हणून देतो.

मिरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार लोकसंख्या नोंदवलेलं हे शहर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला टेकून वाढलं. काशीमिरा, काजूपाडा, चेणे, घोडबंदर या बाजूला शेवटची इमारत कुठे संपते आणि जंगल कुठे लागतं, हे सांगणं अवघड झालं आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाच्या परिसरात २०१५ च्या कॅमेरा-सापळ्यांत ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ च्या मोजणीत ४७. डिसेंबर २०२५ मध्ये भाईंदर पूर्वेच्या दाट वस्तीत एक बिबट्या थेट रहिवासी इमारतीत शिरला, माणसं जखमी झाली, आणि वनविभागाने त्याला बेशुद्ध करून नेलं. अशा दिवशी मिल्ड्यूचं वाक्य गल्लोगल्ली ऐकू येतं : पकडा आणि लांब सोडून या. ज्याच्या दारात रक्त सांडलं, त्याने हे म्हणण्यात काहीच गैर नाही.

पण 'लांब सोडून या' हा उपाय महाराष्ट्राने करून पाहिलेला आहे, आणि त्याचा हिशेब उपलब्ध आहे. जुन्नर वनविभागात २००१ नंतर उसाच्या पट्ट्यात पकडलेले बिबटे आसपासच्या जंगलात नेऊन सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. स्थलांतराआधीच्या आठ वर्षांत तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. स्थलांतरानंतर ते १७ झाले, आणि जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. अनोळखी मुलखात सोडलेलं बिथरलेलं जनावर आपल्या जुन्या ठिकाणाकडे ओढ घेतं, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर दुसरं येतं. बर्कच्या सरदाराने सकाळी ड्रॅगन पाठवले असते, तर पुढच्या भागात काय दाखवावं लागलं असतं, ते जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांना विचारावं.

इथपर्यंत मी हिकपच्या बाजूचा आहे. पण ड्रॅगनांना गावात जागा मिळते ती ते उपयोगी ठरल्यावर, आणि इथे माझं त्याच्याशी पटत नाही. आपल्याकडेही हाच युक्तिवाद आहे, आणि तो संशोधनातून आलेला आहे. २०१८ मधल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला, की मुंबईतले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात, त्यामुळे कुत्रे चावण्याच्या हजारभर घटना आणि रेबीजचे ९० पर्यंत मृत्यू टळत असावेत. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. वर्तमानपत्राने ते छापावं, शाळेत सांगावं. पण बिबट्याच्या राहण्याच्या हक्काचा आधार म्हणून हे तकलादू आहे. उद्या महापालिकेने कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण चोख केलं, तर बिबट्याची उपयुक्तता संपते. मग त्याला राहू द्यायचं कशासाठी? आणि ज्या आईचं मूल त्याने नेलं, तिच्यापुढे रेबीजचे आकडे कोणत्या तोंडाने ठेवायचे?

मालिकेच्या नावातल्या 'रायडर्स'सारखी मोठ्या जनावरावर स्वार होण्याची हौस आपल्या परंपरेतही आहे, आणि तिचं मोल काय, हेही परंपरेनेच ठरवून टाकलं आहे. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं भिंतीवर बसली होती, ती भिंतच सामोरी चालत गेली. आळंदीत ती भिंत आजही दाखवतात. या कथेत वाघाला वश करणं ही सिद्धी आहे, पण ती अहंकाराची खूण म्हणूनच येते. वाघावर बसलेला माणूस तिथे मोठा ठरत नाही, त्याला खाली उतरावं लागतं. मुलांना ड्रॅगनस्वारांची मालिका दाखवताना ही कथाही सांगितली, तर दोन्ही गोष्टी एकमेकींना तोलून धरतील.

हाकलणं आणि उपयोग मोजणं यांपलीकडची तिसरी वाट आपल्या अगदी जवळ आहे, याच डोंगरांत. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर जिल्ह्यांतल्या वारली वस्त्यांत वाघोबा या देवाची ठाणी आहेत. रम्या नायर यांच्या २०२१ मधल्या अभ्यासात अशा १५० ठाण्यांची नोंद आहे. दगडावर किंवा लाकडावर कोरलेलं मोठं मांजर, जोडीला चंद्र-सूर्य. वाघोबा हा वाघही आणि बिबट्याही. ज्या दिवशी इतर महाराष्ट्र वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी तिथे वाघबारस असते. वाघोबा प्रेमळ आहे असं कुणी म्हणत नाही. त्याने माणसाळावं, पाठीवर स्वारी करू द्यावी, ही त्याच्याकडून अपेक्षाच नाही. मान राखला, नैवेद्य दिला, तर तो राखण करील आणि विसरलं तर गुरं नेईल, असा हा करार आहे. त्यात भीती आहे, तोटा सोसण्याची तयारी आहे, आणि जनावराचं जनावरपण शाबूत आहे. गुराढोरांचं नुकसान ज्यांना परवडत नाही, त्याच माणसांनी हा करार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, याचं मला विशेष वाटतं. या श्रद्धेने हल्ले थांबतात असा दावा करायचा नाही. वारली वस्त्यांनीही माणसं गमावली आहेत. पण जनावराने आपल्याला काही दिलं नाही तरी त्याला या डोंगरात जागा आहे, हा विचार आधुनिक शहराला अजून जमलेला नाही.

ड्रॅगनांच्या चित्रपटमालिकेलाही तो जमला नाही. २०१९ च्या तिसऱ्या चित्रपटात हिकप टूथलेससह सगळ्या ड्रॅगनांना एका गुप्त जगात पाठवून देतो, कारण माणसांचं जग त्यांच्या लायकीचं झालेलं नाही. प्रसंग हृद्य आहे. पण मालिकेच्या पहिल्या भागात मिल्ड्यूने जे मागितलं, तेच सात वर्षांनी प्रेमापोटी घडलं. आपल्याला ती सोय नाही. आपल्या बिबट्यांसाठी गुप्त जग कुठे शिल्लक नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर परिसरातल्या विहिरीतून काढलेल्या, 'आजोबा' नाव मिळालेल्या बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या या उद्यानाकडे आला. महामार्ग, रेल्वे, वस्त्या ओलांडल्या, वाटेत माणसाला इजा केली नाही. सुजय डहाके यांनी त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट केला. स्वतः आजोबा मात्र २०११ मध्येच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला होता. ज्या रस्त्याने मिरा-भाईंदरची बरीच वाहतूक चालते, तोच हा रस्ता.

तेव्हा करार करायचा असेल तर आपल्या बाजूच्या अटी ठाऊक आहेत, आणि त्यांत अद्भुत काही नाही. उघड्यावरचा कचरा कुत्र्या-डुकरांना बोलावतो आणि त्यांच्यामागून बिबट्या येतो, म्हणून जंगलाकडच्या वस्त्यांतला कचरा रोज उचलला गेला पाहिजे. पाड्यांवर घरालगत शौचालयं आणि वाटेवर दिवे हवेत, कारण अंधारात बाहेर जावं लागणारी मुलं आणि बायका हल्ल्यांना सर्वांत आधी सापडतात. महामार्गाखालून जनावरांना वाट हवी. बिबट्या दिसला की मोबाइल घेऊन धावणारी गर्दी आवरायला पोलीस आणि वनविभागाचं पथक वेळेवर पोचलं पाहिजे. नुकसानभरपाई महिनोन्‌महिने अडून राहू नये. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मिरा रोड, भाईंदर आणि काशीमिऱ्याच्या नागरिकांनी पिंजऱ्याच्या आधी या पाच गोष्टी मागाव्यात.