भावाच्या वाटणीची खते

वारकरी मंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो. तुकोबारायांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली; मग त्यांचे नाव घेणाऱ्याने पतपेढीच्या कमिटीत बसून शेजाऱ्याकडून कर्जवसुली करावी काय? घोडपदेवसारख्या कष्टकरी वस्तीत हा प्रश्न नुसता चर्चेचा नाही. तेथे कमिटीतला सभासद आणि हप्ता थकलेला कर्जदार एकाच भजनात टाळ धरून उभे असू शकतात. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घोडपदेव, काळाचौकी, लालबाग हा मुलूख गिरण्यांचा आणि गोदीचा. घाटावरून, कोकणातून पोटासाठी आलेल्या माणसाची पगाराआधीच नड निघे. बाळंतपण, आजारपण, बहिणीचे लग्न! कारखान्याच्या फाटकाशी सावकार उभाच. रुपयास दरमहा एक आणा हा त्या काळचा सर्रास दर. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगानेही त्याची नोंद केली. हिशेब करून पाहा. सोळा महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढे होते, आणि मुद्दल आपले जागच्या जागी!

यावर तोड म्हणून पतपेढ्या आल्या. जर्मनीत रायफायझन यांनी एकोणिसाव्या शतकात खेड्यांतून हा मार्ग घालून दिला होता. आपल्याकडे १९०४ साली त्याचा कायदा झाला. मर्म एवढेच की, एकट्या गरिबास पत नसते, पण शंभर गरिबांनी पैपैसा एकत्र केला की त्यांची पत उभी राहते. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यात सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. नफ्याचा किमान चौथा हिस्सा गंगाजळीत टाकावा लागतो आणि लाभांश शेकडा १५ च्या वर देता येत नाही. सावकाराचे व्याज सावकाराच्या घरी जाते. पतपेढीचे व्याज फिरून सभासदांतच येते.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगारातून हप्ता कापून घ्यावा ही कायद्याची सोय. पण पगारच थांबला तर कापायचे कशातून? कर्जदाराच्या घरी चूल थंड, आणि ज्याची ठेव त्याचीही चूल थंड. अशा वेळी दया कोणावर करावी?

याचे उत्तर तुकोबांच्याच चरित्रात आहे, पण आपण कथा अर्धीच सांगतो. परंपरा असे सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांनी आपली वाटणी मागितली, तेव्हा तुकोबांनी निम्मी खते त्यांना देऊन टाकली आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात सोडली. भावाच्या वाटणीला त्यांनी हात लावला नाही! स्वतःचे सोडणे हा त्याग. दुसऱ्याचे सोडणे हा त्याग नव्हे.

पतपेढीची तिजोरी म्हणजे सगळी भावाचीच वाटणी. त्यात भाजीवालीचे रोजचे पन्नास रुपये असतात, हमालाच्या पाठीचा घाम असतो. बँकेतील ठेवीस आज पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. तेव्हा कमिटीने भिडेखातर कर्ज सोडले, किंवा तारणाशिवाय मेहुण्याला दिले, तर तिने परक्याची खते नदीत टाकली असेच म्हटले पाहिजे.

मग कमिटीने सावकारासारखे कठोर व्हावे काय? मुळीच नाही. कर्जदाराच्या घरी जावे, खरी परिस्थिती पाहावी. ज्याला देता येत नाही त्याला मुदत वाढवून द्यावी, हप्ता लहान करावा. ज्याच्याजवळ असूनही जो देत नाही, त्याच्यासाठी कलम १०१ चा वसुली दाखला आहे. तेथे संकोच नको. आणि ज्याला फारच कळवळा आला त्याने आपल्या खिशातून हप्ता भरावा. तुकोबांच्या मार्गाने जायचे तर ते असे जाता येते.

राहिले आपण सभासद. आता हातातल्या फोनवर घटकेत कर्ज मिळते आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना धमक्या जातात. म्हणून वस्तीतली पतपेढी जगली पाहिजे. पण ती नुसत्या कौतुकाने जगत नाही. हप्ता वेळेवर भरावा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते. तेथे नुसत्या वड्या-चहासाठी जाऊ नये, लेखापरीक्षणाचा अहवाल मागून वाचावा. बँकेपेक्षा भलतेच जास्त व्याज कबूल केले असेल, तर ते येणार कोठून, हे विचारावे. शेजाऱ्याला जामीन राहायचे तर त्याचा हप्ता प्रसंगी आपण भरू, एवढी तयारी ठेवूनच सही करावी. नाहीतर नम्रपणे हात जोडावेत.

दिंडीत शिधा सर्वांच्या वर्गणीचा असतो. भुकेल्याला आपल्या पानातली भाकरी द्यावी, ती देवाला पोचते. पण दिंडीचे कोठार परस्पर वाटून टाकणाऱ्यास कोणी दाता म्हणत नाही. पुढच्या मुक्कामी सारी दिंडी उपाशी राहते. एवढे ध्यानी धरले म्हणजे माळ आणि वसुलीचे पुस्तक यांत विरोध उरत नाही.

रामकृष्ण हरि.