छाती आपली, बोट दुसऱ्याकडे



'क' वर्षातील सामान्य काळाच्या तिसाव्या रविवारी आपण परूशी आणि जकातदार यांचा दाखला ऐकतो (लूक १८:९-१४). दाखला इतका ओळखीचा आहे, की परूशाचे नाव निघताच आपण मनात म्हणतो, 'बरे झाले, आम्ही तसे नाही!' आणि त्याच क्षणी आपण परूशाच्या शेजारी जाऊन उभे राहतो.

हा परूशी खोटे बोलत नव्हता. नियमशास्त्राने वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, उपवास सांगितला होता. तो आठवड्यातून दोनदा करीत असे. सगळ्या मिळकतीचा दशमांश देत असे. जकातदाराविषयीचे त्याचे मतही निराधार नव्हते. रोमी सत्तेच्या काळात कर गोळा करणारे अनेक जण लोकांना नाडत असत. मग त्याचे चुकले कुठे? तो उभा होता देवासमोर, पण स्वतःचे माप घेत होता मागच्या माणसाशी. देवाशी माप घेतले असते, तर दोघेही सारखेच ठेंगणे ठरले असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात असताना एक गृहस्थ कित्येक महिन्यांनी रविवारच्या मिस्साला आले. दारूने त्यांचे घर विस्कटले होते, हे सर्वांना ठाऊक होते. ते अगदी मागे, दारापाशी उभे राहिले. आम्ही वेदीवरून त्यांना पाहिले आणि तयार केलेले प्रवचन बाजूला ठेवून व्यसनावर बोललो. नाव घेतले नाही. घ्यायची गरजच नव्हती. अर्ध्या माना मागे वळल्या. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते म्हणाले, "फादर, मी दारुडा आहे हे मला माहीत आहे. तेच देवाला सांगायला आलो होतो. तुम्ही आधीच सांगून टाकलंत."

आमच्या प्रवचनातील एकही वाक्य खोटे नव्हते. पण त्या दिवशी त्या चर्चमध्ये एक माणूस जकातदाराची प्रार्थना करू पाहत होता, आणि ती आम्ही मध्येच तोडली. त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही त्यांची क्षमा मागितली.

तर मग चुकीला चूक म्हणूच नये काय? अवश्य म्हणावे. भावाच्या डोळ्यातील कुसळ तसेच राहू द्या, असे प्रभू सांगत नाही. आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढा, म्हणजे ते कुसळ काढण्याइतके स्वच्छ दिसेल, असे तो सांगतो (मत्तय ७:३-५). डोळ्यात काही गेले, की आपण हलक्या हाताचा माणूस शोधतो. ज्याला स्वतःचे दुखणे कळले, त्याचाच हात हलका होतो.

मिस्साच्या आरंभी पापांची कबुली देताना आपण छाती बडवतो. जकातदारानेही तेच केले. तो हात आपल्याच छातीवर पडतो, शेजाऱ्याच्या नव्हे. पण मिस्सा संपवून पायऱ्या उतरेपर्यंत त्याच हाताचे बोट दुसऱ्याकडे वळलेले असते!

संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, आत्मपरीक्षण करायला शिकवले. आपण निदान रात्री, रोझरीनंतर पाच मिनिटे बसू या. आज आपण कोणाविषयी बोललो? तेच त्याच्या समोर, त्याच्या भल्यासाठी बोललो असतो काय? तोच दोष आपल्या घरात कोणते रूप घेऊन राहतो आहे? आणि पापनिवेदनाला येताना सुनेची, नवऱ्याची, शेजाऱ्याची पापे घरीच ठेवून येऊ या. ती त्यांची त्यांना सांगू द्यावीत.

आज मिस्साला आपल्या मागे कोणी दारापाशी उभा असेल, तर मान वळवून पाहू नये. सरकून बाकावर जागा मात्र करावी.

प्रभू आपणां सर्वांना नम्र हृदय देवो.

आपले धर्मगुरू