पाठकोरा

पेनाचं कौतुक सगळे करतात. मुलगा दहावी पास झाला, द्या पेन. साहेब रिटायर झाले, द्या पेन, वर नाव कोरून द्या. मुंजीत तर एके काळी इतकी पेनं जमत, की बटूला जन्मभर कारकुनीच करायची आहे असा पाहुण्यांचा ठाम समज असावा. पण कुणी कुणाला समारंभपूर्वक, कुंकवाचं बोट लावून, रायटिंग पॅड दिल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. पॅड ही द्यायची वस्तूच नव्हे. ती आणायची वस्तू, आणि तीही कोथिंबीर आणि टूथपेस्ट यांच्या मध्ये कुठं आठवली तर.

आणि तरीसुद्धा, फाउंटन पेन वापरणाऱ्या माणसाला विचारून पाहा. अर्धं अक्षर पेनात असतं आणि अर्धं कागदात. लग्न जमवताना मुलाकडची मंडळी मुलाचंच गुणगान करत राहतात, पण संसार कसा होणार हे शेवटी दोघांवर ठरतं, तसंच हे. इथं तर तिघं आहेत. पेन, शाई आणि कागद. तिघांचीही पत्रिका जुळावी लागते. बॉलपेनवाल्यांना ही कटकट नाही. लाझ्लो बिरोनं १९३८ साली बॉलपेनचं पेटंट घेतलं आणि कागदाच्या स्वभावाचा प्रश्नच निकालात काढला. ती शाई घट्ट, तेलकट. तिला पुड्याचा कागदही चालतो आणि बसचं तिकीटही. फाउंटन पेनची शाई म्हणजे रंगीत पाणीच. पाणी जिथं वाट मिळेल तिथं जाणार.

म्हणून मी पॅड बघून घेतो. बघून म्हणजे काय, हे दुकानदाराच्या चेहऱ्यावर वाचावं. अप्पा बळवंत चौकात इतकी दुकानं आहेत, की एका दुकानदारानं ओळख दाखवायचं सोडलं तर दुसरा मिळतो. मी पॅड उजेडाकडे धरतो, डॉक्टर एक्स-रे धरतात तसा. मग बोटानं चोळतो. मग खिशातून पेन काढून विचारतो, "शेवटच्या पानावर एक रेघ ओढू का?"

"ओढा की. पण मग पॅड तुमचं."

"आणि शाई फुटली तर?"

"साहेब, कागद तो कागद. जीएसएम सत्तर आहे, आणखी काय पाहिजे?"

या जीएसएमबद्दल लोकांच्या भलत्याच समजुती आहेत. एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये किती, एवढाच त्याचा अर्थ. ए-फोरचे सोळा ताव मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतो, म्हणजे ८० जीएसएमचा एक ताव पाच ग्रॅमचा. झालं. हे वजन आहे, चारित्र्य नव्हे. शंभर किलोचा माणूस भरवशाचा असतोच असं नाही, तसा शंभर जीएसएमचा कागदही नसतो. टिपकागद चांगला जाडजूड असतो, पण त्यावर लिहायला जाल तर प्रत्येक अक्षराला मिशा फुटतील. उलट जपानमध्ये तोमोए रिव्हर नावाचा एक कागद निघाला, ५२ जीएसएमचा, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याचा सख्खा भाऊ. त्यावर ओल्या निबानं खुशाल लिहा, शाई जागची हलत नाही. पलीकडून अक्षरं अंधूक दिसतात, पण पलीकडे जात नाहीत.

हे सारं रहस्य खळीचं. धोतराला खळ करतात तशी कागदालाही करावी लागते. नुसता लगद्याचा कागद म्हणजे तहानलेला माणूस, समोर येईल ते पिणार. आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करत. अशा जुन्या हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडानं घोटत. मग त्यावरून बोरू पाण्यावरून बदक जावं तसा जाई. पुढं १८०७ साली मोरित्झ इलिग नावाच्या जर्मन माणसानं लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची युक्ती प्रसिद्ध केली आणि खळ स्वस्त झाली. फक्त एक झालं. तुरटीनं कागदात आम्लता आली. आजोबांच्या पोथीपेक्षा वडिलांचं क्रमिक पुस्तक आधी पिवळं पडून चुरा होतं, त्यात या तुरटीचा मोठा हात आहे. शाईला जागच्या जागी बसवणाऱ्या खळीनंच कागद आतून खाल्ला. अतिशिस्तीच्या घरांतून असं होताना मी पाहिलेलं आहे. आता आम्लाशिवायची खळ निघाली आहे. कागदाच्या बाबतीत तरी सुधारणा झाली, असं म्हणायचं.

तर फाउंटन पेनसाठी पॅड घेताना तीन गोष्टी बघायच्या. एक, शाई आजूबाजूला फुटता कामा नये. दोन, ती पाठीमागे उतरता कामा नये. तीन, ती वाजवी वेळात वाळली पाहिजे. गंमत अशी, की पहिल्या दोन गोष्टी साधायला जावं तर तिसरी बिघडते. कागद जितका कमी पिणारा, तितकी शाई जास्त वेळ वर तरंगणार. पान लगेच उलटलंत तर समोरच्या पानावर तुमचंच अक्षर उलटं उमटलं म्हणून समजा. डावखुऱ्या माणसाच्या करंगळीला तर जन्माची निळाई येते.

आता माणसं याहून वेगळी आहेत का? काही माणसं टिपकागदासारखी. तुम्ही बोलायचा अवकाश, सगळं टिपून घेतात. आणि टिपकागद जे टिपतो ते उलटं टिपतो, हे तुम्ही कधी आरशात धरून बघितलं असेल. काही माणसं बटर पेपरसारखी. जीव तोडून सांगा, वर एक थेंब गोळा होऊन बसतो आणि घरंगळून जातो. आपल्या मनातलं कधी कुणापाशी बोलायची वेळ आली, तर आपण या दोन्ही प्रकारच्या माणसांना टाळून तिसरा शोधतो. जो ऐकून घेईल, आपल्यापाशीच धरून ठेवील आणि पलीकडे उतरू देणार नाही. फार तर चेहऱ्यावर थोडं अंधूक दिसेल. अशी माणसं जीएसएमवर ओळखता येत नाहीत. शेवटच्या पानावर रेघ ओढूनच बघावी लागते. आणि मग पॅड आपलं.

एवढं तत्त्वज्ञान करून मी चांगलं पॅड घरी आणतो, तेव्हा त्याची किंमत विचारली जाते.

"एकशे ऐंशी? शंभर पानांचे? शंभराला मिळतं की!"

या प्रश्नाला माझं उत्तर तयार असतं. मी पाठकोऱ्या कागदांच्या घरात वाढलो. वार्षिक परीक्षा संपली की वह्यांमधली कोरी पानं काढून वडील त्यांची दाभणानं शिवून रफ वही करत. एका बाजूनं कोरा असलेला कुठलाही कागद आमच्या घरात कचऱ्यात जात नसे. परीपत्रकं, लग्नपत्रिका, दुकानांची हँडबिलं, सगळ्यांना आमच्याकडे पुनर्जन्म होता. तेव्हा काटकसर मला कुणी शिकवू नये. मी हिला हिशेब मांडून दाखवला. स्वस्त पॅडच्या शंभर पानांवर शाई मागे उतरते, म्हणजे पाठ वाया. शंभर रुपयांत शंभर बाजू. माझ्या पॅडला पाठपोट दोनशे बाजू, एकशे ऐंशी रुपयांत. म्हणजे बाजूला दहा पैसे मी वाचवले. पलीकडची बाजू कुणाच्या तरी उपयोगी पडेल अशी ठेवणं हीच पाठकोऱ्या संस्कृतीची शिकवण नाही का?

ही शांतपणे कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "हिशेब बरोबर आहे. पण दोन्ही बाजूंना लिहिण्यासारखं आहे का काही तुमच्याकडे?"

या प्रश्नापुढं सगळ्या खळी उतरतात. कारण खरा पेच कागद कुठला घ्यावा हा नाहीच. चांगला कागद घेतल्यावर त्यावर लिहायला हात धजत नाही, हा आहे. वाण्याची यादी त्यावर लिहिणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं. निरोपाची चिठ्ठीही नको. काहीतरी योग्यतेचं सुचेल तेव्हा लिहू. मग पॅड कपाटात जातं, आणि आपण लाइट बिलाच्या मागे लिहायला लागतो.

माझे एक काका असे होते. अक्षर असं, की गावातल्या मंडळींनी मानपत्रं त्यांच्याकडून लिहून घ्यावीत. पेन एकच, काळं, जाड निबाचं. आम्हां सगळ्यांना त्यांची पत्रं येत, ती कायम पाठकोऱ्या कागदावर. एका बाजूला "आमचे येथे श्रीकृपेकरून" आणि दुसऱ्या बाजूला माझ्या परीक्षेबद्दल चार शब्द. पत्र येत नसे ते फक्त मोठ्या आत्याला. गावच्या घराच्या वाटणीवरून दोघांचं काही बोलणं झालं होतं. काय झालं ते आम्हां मुलांना कुणी सांगितलं नाही, पण अकरा वर्षं ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

काका गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना चार पॅड निघाली. तीन तर वेष्टनातून काढलेलीसुद्धा नव्हती. उत्तम कागद, दुधासारखा. चौथ्याच्या पहिल्या पानावर चार वर्षांपूर्वीची तारीख होती. खाली लिहिलं होतं, "ती. अक्कास शि. सा. न. वि. वि." आणि पुढं काही नाही. आत उलटून पाहिलं, सगळी पानं कोरी. निबाची शाई एका केसानंही फुटली नव्हती. पाठीमागे डागसुद्धा नव्हता.

दहाव्याला आत्या आली होती. ते पान आम्ही तिला दिलं. तिनं चष्मा लावून ती एक ओळ वाचली. मग पान उलटं करून मागे काही आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, "एवढा चांगला कागद कशाला आणायचा? लाइट बिलावर लिहिलं असतं तरी मला चाललं असतं." पानाची चौघडी करून तिनं ती कमरेच्या पिशवीत ठेवली.

आता कुणी म्हणेल, काकांचं काय चुकलं? ज्या माणसाचा मान राखायचा त्याला फाटक्या कागदावर लिहू नये, ही काही वाईट रीत नव्हे. पत्राचा कागद हा पाहुण्यापुढं ठेवलेल्या पाटासारखा असतो. हे मला पटतं. दुःखाच्या घरी लिहिलेलं पत्र सिमेंटच्या जाहिरातीच्या मागे नसावं. पण पाट मांडला, रांगोळी काढली आणि पान काही वाढलंच नाही, तर पाहुण्यानं रांगोळीकडे किती वेळ बघत बसायचं? मान राखायचा झाला तर आधी पत्र पोचलं पाहिजे. काकांना बहुतेक त्या कागदाच्या तोडीचे शब्द हवे होते. भांडण मिटवणारे शब्द कधीच त्या तोडीचे नसतात. ते ओबडधोबडच असतात. "झालं गेलं, तू ये" एवढंच लिहायचं असतं, आणि ते चांगल्या कागदावर फार थोडं दिसतं. आत्याला तेवढं पुरलं असतं. तिनं मागची बाजूसुद्धा उलटून पाहिली, यावरून ती किती थोड्यावर भागवायला तयार होती ते कळतं.

तेव्हा पॅड कसं निवडावं, याचं माझं उत्तर आता थोडं लांबलं आहे. शाई फुटू न देणारं हवं, मागे उतरू न देणारं हवं, वेळेवर वाळणारं हवं. आणि चौथं, ज्याची आपल्याला भीती वाटणार नाही असं हवं. हातकागद मोठा देखणा. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे, आणि तिथून मी कौतुकानं कागद आणतोही. पण खरखरीत हातकागदावर निबाच्या चिरेत तंतू अडकतो, आणि त्याहून आधी माझं मन अडकतं. तो मी फ्रेम करण्याजोग्या मजकुरासाठी ठेवला आहे. म्हणजे तो मला जन्मभर पुरेल. रोजच्या लिहिण्याला मधल्या दराचं, साधं, प्रामाणिक पॅड बरं.

आणि नवं पॅड घरी आलं की मी ते त्याच दिवशी बाटवतो. पहिल्या पानावर, अगदी नीट ओळी आखून, वाण्याची यादी लिहितो. तूरडाळ दोन किलो, हिंगाची डबी, काडेपेट्या. एकदा ही यादी घेऊन गेलो तर वाण्याच्या नव्या पोऱ्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि आत जाऊन विचारलं, "शेठ, यावर सही कुठं करायची?" पण त्याचा उपयोग होतो. एकदा हिंगाचा वास लागला, की पॅड माणसात येतं. मग दुसऱ्या पानावर, ज्याला बरेच दिवस लिहायचं राहिलेलं आहे त्याला, सुचेल तसं लिहून टाकायचं. शाई थोडी फुटली तरी वाचणाऱ्याला अक्षर लागतं.