निऑनला अंधार लागतो

स्क्रीनवर पांढऱ्यापेक्षा उजळ काही काढता येत नाही. माझ्या साध्या लॅपटॉपवर लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींचे आकडे 255 झाले की विषय संपला. खरी निऑनची पाटी रस्त्यात डोळे दिपवते. तेवढा उजेड चित्रात आणायचा कुठून? डिजिटल चित्रं काढणारा प्रत्येक जण याचं एकच उत्तर शिकतो. उजेड वाढवता येत नसेल तर बाकी सगळं काळं करायचं.

कृती सोपी आहे. नळीचा मधला भाग जवळजवळ पांढरा ठेवायचा, कडांना गुलाबी किंवा निळा रंग द्यायचा. मग वेगळ्या लेयरवर, 'ॲडिशन' मोडमध्ये, मोठ्या मऊ ब्रशने तोच रंग भोवती पसरवायचा. खाली ओला रस्ता काढायचा, म्हणजे प्रत्येक पाटी दोनदा दिसते. आणि मग भिंती, गॅलऱ्या, खिडक्या, माणसं यांना हळूहळू अंधारात ढकलायचं. भोवतीचं जितकं काळं, तितकी पाटी झगमगते.

दिवसा मी कोड लिहितो आणि रात्री क्रिटामध्ये अशी शहरं काढतो. हा अंधार कुणाच्या घरावर पडतोय, असा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नव्हता. तो पडला माझ्या आत्यामुळे.

आत्या लालबागच्या एका चाळीत राहायची. चाळ पुनर्विकासाला गेली. रिकामी व्हायच्या आधीच्या रविवारी मी तिथे जाऊन फोनवर दोनेकशे फोटो काढले. लाकडी कठडा, जिना, दोरीवरचे कपडे, पाण्याची पिंपं, डब्यात लावलेली तुळस. "आठवण म्हणून राहू दे," असं मीच तिला म्हणालो होतो. सहा महिन्यांनी एका मोठ्या चित्रात डाव्या बाजूच्या इमारतीचा खालचा भाग काही केल्या जमेना. हाताने काढलेल्या खिडक्या खोट्या वाटत होत्या. म्हणून त्या फोटोंतला एक घेतला, पर्स्पेक्टिव्हमध्ये ताणून बसवला, त्याचे रंग निळसर केले, उजेड पार खाली आणला आणि वरून पाऊस टाकला. याला फोटोबॅशिंग म्हणतात आणि कॉन्सेप्ट आर्टमध्ये ते सर्रास चालतं. इमारत एकदम खरी वाटायला लागली. तिच्यावर मी नूडल्सच्या दुकानाची एक भलीमोठी गुलाबी पाटी टांगली.

चित्र लोकांना आवडलं. आतेभावाने ते आत्याला दाखवलं. तिचा फोन आला.

"अरे, ही माझी गॅलरी आहे ना? ती हिरवी साडी माझीच आहे."

मी जरा ओशाळलो. म्हटलं, "हो, तुझीच. चालेल ना?"

"चालेल की. पण इतका अंधार नसायचा रे आमच्याकडे. सकाळी अकरापर्यंत ऊन असायचं."

ती रागावली नव्हती. मग तब्येतीची चौकशी झाली आणि फोन संपला. मी मूळ फोटो उघडून पाहिला. फोटोत खरंच ऊन होतं. कठड्याची सावली जमिनीवर तिरकी पडली होती.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू फारच मनावर घेतोस. चित्र आहे ते, जनगणना नाही." त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. चित्राने कुणाचं ऊन कमी होत नाही. कल्पनेतल्या शहराला खऱ्या शहराचे नियम लावले तर कुणी काहीच काढू शकणार नाही. शिवाय आत्याने परवानगी दिली होती, उशिरा का होईना. मग बोच कसली?

आधी वाटलं, न विचारता फोटो वापरला याची असेल. पण विचारून वापरला असता तरी तिचं ते वाक्य माझ्या मनात राहिलंच असतं. बोच वेगळी होती. ते घर मला खरं हवं होतं, फक्त पोत म्हणून. त्यातलं ऊन नको होतं, कारण उन्हात माझी पाटी फिकी पडत होती. तिच्या घराला मी चित्रात जागा दिली ती पाटीची पार्श्वभूमी म्हणून, आणि त्या कामासाठी जे काढून टाकावं लागलं तेच नेमकं तिला तिच्या घराबद्दल सांगावंसं वाटलं.

ही सवय माझी एकट्याची नाही. आज आपण ज्याला सायबरपंक शहर म्हणून ओळखतो, त्याचा साचा बराचसा रिडली स्कॉटच्या 1982 मधल्या 'ब्लेड रनर'ने घडवला. सिड मीडची डिझाइन्स, रात्र, धूर आणि न थांबणारा पाऊस. सिनेमातला काळ होता नोव्हेंबर 2019 आणि शहर लॉस एंजेलिस. तो महिना येऊन गेला, लॉस एंजेलिस तसं झालं नाही. पण साचा टिकला. त्या शहरात सगळं कंपन्यांच्या हातात गेलेलं होतं, आणि असं होऊ नये हा त्यातला इशारा होता. आपण तो इशारा फोनचा वॉलपेपर करून टाकला. माझ्याही फोनवर तोच होता.

या साच्याला पुढे हाँगकाँगही येऊन मिळालं. मामोरू ओशीच्या 1995 च्या 'घोस्ट इन द शेल'मधलं शहर हाँगकाँगवरून घेतलेलं आहे. आणि अशी चित्रं काढणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी कोलून वॉल्ड सिटीचे फोटो समोर ठेवतो. मीही ठेवले होते. एकमेकींना चिकटलेल्या इमारती, जाळ्या लावलेले सज्जे, गच्चीवर अँटेनांचं रान. 1987 मध्ये ती पाडायचं जाहीर झालं, त्या सुमारास 2.6 हेक्टरमध्ये अंदाजे 33,000 माणसं राहत होती. जागेला माणसांनी भागलं तर माणशी एक चौरस मीटरही जमीन येत नाही. इमारती चौदा मजल्यांच्या आसपास थांबल्या, कारण काई ताक विमानतळ जवळ होता आणि विमानं डोक्यावरून खाली उतरायची. 1993-94 मध्ये सगळं पाडलं गेलं. आज तिथे बाग आहे.

कँटोनीज भाषेत लोक तिला 'अंधाराचं शहर' म्हणायचे. तिथे अंधार खराच होता. एक-दोन मीटर रुंदीच्या गल्ल्यांत ऊन पोचायचं नाही. वरच्या पाइपांतून सतत पाणी ठिबकायचं. पण म्हणूनच तिथे दिवसाही ट्यूबलाइट जळायच्या. त्या उजेडात विनापरवाना दंतवैद्य दात काढायचे, माशांचे गोळे तयार व्हायचे, मुलं अभ्यास करायची. संध्याकाळी माणसं गच्चीवर हवा खायला यायची. हे गोड करून सांगायची गरज नाही. उंदीर होते, कचरा होता, आधीच्या काळात टोळ्यांचं राज्य होतं. मोबदला पुरेसा नाही म्हणून घर सोडायला नकार देणारेही होते, आणि त्यांना शेवटी बळाने बाहेर काढलं गेलं. नरकातून सुटका होत असती तर माणसं अशी अडून बसली असती का? आणि तो स्वर्ग असता तर तिथून आधीच निघून गेलेले लोक का गेले असते?

बाहेरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच येत नाही. त्यात फक्त घनता दिसते, आणि घनता दिसायला सुंदर असते. लांबून.

हे 'लांबून' चित्रात नेमकं कुठे ठरतं, ते मला माहीत आहे. ते क्षितिजरेषेवर ठरतं. पर्स्पेक्टिव्हचा पहिला नियम असा की, क्षितिजरेषा नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. रस्त्यावर उभे असाल तर समोर उभ्या असलेल्या तुमच्याच उंचीच्या माणसांचे डोळे त्या रेषेवर येतात. तिसाव्या मजल्यावरून बघत असाल तर रेषा तिसाव्या मजल्यावर. मी माझी जुनी चित्रं तपासली. जवळपास सगळ्यांत रेषा हवेत कुठेतरी होती, जिथे ना खिडकी ना पूल. तिथून फक्त ड्रोन बघू शकतो. तिथून माणसं दोन-तीन पिक्सेलची दिसतात आणि त्यांना चेहरे काढावे लागत नाहीत. खरं सांगायचं तर चेहरे मला नीट जमतही नाहीत. मला वाटायचं मी रेषा भव्यतेसाठी वर ठेवतो. थोडी ती चेहऱ्यांपासून पळण्यासाठीही होती.

खिडक्यांचंही तेच. शेकडो खिडक्या हाताने कोण रंगवणार, म्हणून मी पायथॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. प्रत्येक खिडकीसाठी एक रँडम आकडा, 0.3 पेक्षा लहान आला तर दिवा चालू, नाहीतर बंद. सीड बदलला की कुणी झोपायचं आणि कुणी जागायचं ते बदलायचं. स्क्रिप्टमध्ये वाईट काही नाही, लांबून शहर खरंच तसं दिसतं. पण ऑफिसातही मी दिवसभर असंच बघतो. डॅशबोर्डवर एरर रेट 0.3 टक्के दिसला की आम्ही म्हणतो, ठीक आहे, हिरवं आहे. त्या 0.3 टक्क्यांत कुणाचं तरी पेमेंट अडकलेलं असतं. प्रत्येकाला फोन करता येत नाही हे मला कळतं. पण दिवसा आकडे आणि रात्री ठिपके बघत राहिलं की ती नजर तशीच होत जाते, एवढं मी स्वतःपुरतं सांगू शकतो. चित्राने आत्याचं ऊन कमी होत नाही, हे मित्राचं म्हणणं बरोबर आहे. कमी होतं ते ऊन दिसण्याचं माझं कौशल्य.

मग मी काय केलं? आधी सोपा मार्ग धरला. आत्याचा फोटो काढून टाकला आणि त्या जागी कल्पनेतली इमारत रंगवली. आता कुणाचं घर नाही, कुणाची साडी नाही. दोन दिवस बरं वाटलं. मग लक्षात आलं की मी फक्त ओळखीचं माणूस काढून टाकलंय. अंधार तिथेच होता, त्यात आता फोन करून तक्रार करू शकणारं कुणी नव्हतं.

मग उलटं केलं. फोटो परत आणला. क्षितिजरेषा खाली, गॅलरीच्या उंचीवर आणली, म्हणजे अर्धं चित्र पुन्हा काढावं लागलं. गॅलरीतून शहर कसं दिसेल, ते काढलं. खोलीत ट्यूबलाइट लावली, पिवळट पांढरी. आणि जे होणार होतं तेच झालं. ट्यूबलाइट लागली तशी गुलाबी पाटी फिकी पडली. 255 ची मर्यादा दोघींना मिळून होती, एकीला द्यायचं तर दुसरीचं काढावं लागतं. पाटी छोटी केली, लांब नेली. चित्र शांत झालं. ते चांगलं झालं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

त्याच सुमारास ऑफिसच्या कँटीनमधल्या भिंतीसाठी कुणाचं तरी चित्र हवं होतं, विषय 'भविष्य'. मी दोन्ही दाखवली. सगळ्यांनी पहिलं निवडलं. "दुसऱ्यात भविष्य दिसत नाही," एक सहकारी म्हणाली. ती चूक नव्हती. भविष्य म्हणून आपण सगळे जे ओळखायला शिकलोय ते पहिल्यातच होतं. मी म्हटलं, पहिलं देता येणार नाही. कारण नीट सांगता आलं नाही. ती भिंत आता निळ्या रंगाची आहे.

हा त्याग वगैरे नाही, फुकटच द्यायचं होतं. आणि मी अंधारी शहरं काढणं सोडलेलंही नाही. मला निऑन आवडतो. खरा निऑन वायू फक्त नारिंगी-लाल उजेड देतो, निळ्यासाठी आर्गॉन आणि पारा लागतो, हे कळल्यापासून तर जास्तच आवडतो. काचेची नळी ज्योतीवर धरून, तोंडाने हवा फुंकत वाकवणारे कारागीर हाँगकाँगमध्येही आता मोजकेच उरलेत. त्या पाट्याही कुणाच्या तरी हातच्या आहेत, त्यांनाही उजेड मिळायला हवा. फक्त आता कुठलीही भिंत काळी करण्यापूर्वी मी एकदा तिथे उभा राहून बघतो. आत कोण आहे, त्याला दिवा हवा असेल का, आणि तो न देण्याचं माझ्याकडे कारण काय आहे. कधी कारण असतं. बऱ्याचदा फक्त घाई असते.

दुसरं चित्र आत्याला पाठवलं. ती सध्या विरारला भाड्याच्या घरात आहे, नव्या टॉवरची वाट बघत. तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग एक व्हॉइस मेसेज आला.

"छान झालंय. पण पाऊस पडतोय आणि कपडे अजून दोरीवरच आहेत रे. ते आधी आत घे."