ज्येष्ठांची वसाहत आणि आपली सोय

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना आईवडिलांच्या वार्धक्याचा प्रश्न फार अवघड होऊन बसतो. त्यांना पुण्यासारख्या ठिकाणी ज्येष्ठांच्या वसाहतीत ठेवणे म्हणजे कर्तव्यच्युती, असे लोक चटकन म्हणतात. परंतु माझी आई दिल्लीच्या सरकारी निवासस्थानात दोन महिने राहिली, तेव्हा मी सकाळी कचेरीत जाई तो दिवेलागणीनंतर परते. शेजारणीची हिंदी तिला उमगत नसे. खिडकीबाहेरचा कडुनिंब हीच काय ती सोबत. त्याला घर म्हणावे काय?

वसाहतीत वेळेवर जेवण मिळते, आजारपणात धावणारे माणूस असते, आणि मुख्य म्हणजे आपल्या भाषेत बोलणारे समवयस्क भेटतात. परंतु हे सुख पैसे मोजणाऱ्यालाच लाभते. शिवाय तेथे नातवंडांची वर्दळ नाही. आणि आपल्यावाचून कुणाचे अडत नाही, ही जाणीव माणसाला आतून पोखरते. २००७ च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली खरी. पण निर्वाहाची रक्कम ठरविता येते, सहवासाची नव्हे.

म्हणून वसाहत बरी की वाईट, हा प्रश्न मला गौण वाटतो. निर्णय कोणाचा, हा खरा प्रश्न. आईने स्वतः पसंत केलेली खोली हे तिचे घर होय. आपल्या सोयीसाठी आपण निवडलेली खोली, तिच्या हिताचे कितीही नाव घेतले तरी, अडगळच.

मी आईला विचारले. ती म्हणाली, “तुझ्या सोयीने कर.” या उत्तराला होकार समजण्याचा धीर मला अद्याप झालेला नाही.