ब्रूटसचें नाणें

एकाधिकाराशीं झगडणारा मनुष्य अधिकाराच्या मोहापासून स्वतः अलिप्त राहूं शकतो काय? नीतिशास्त्राच्या या जुन्या प्रश्नावर सुमारें चार ग्रॅम वजनाचें एक रोमन रुप्याचें नाणें चांगलाच प्रकाश पाडतें.

रोमच्या प्रजासत्ताकांत ‘देनारियस’ नांवाच्या नाण्यावर देवतांचीं, आणि पुढें दिवंगत पूर्वजांचीं मुखें कोरीत; रोममध्यें पाडलेल्या नाण्यावर हयात रोमन पुरुषाचें मुख नसे. हा संकेत इ. स. पू. ४४ मध्यें ज्यूलियस सीझरच्या नाण्यांनीं मोडला. त्याच वर्षीं १५ मार्च रोजीं सीझरचा वध झाला. वध करणारांत मार्कस ब्रूटस प्रमुख होता. सुमारें दहा वर्षांपूर्वीं टांकसाळीचा अधिकारी असतां यानेंच नाण्यावर ‘लिबर्टास’ ही स्वातंत्र्यदेवता कोरविली होती, आणि राजांना हांकलून देणारा ल्यूशियस ब्रूटस हा आपला पूर्वज म्हणून दुसऱ्या नाण्याकरितां निवडला होता.

वधानंतर पूर्वेकडे सैन्य जमवीत असतां, इ. स. पू. ४३-४२ मध्यें, ब्रूटसनें नवें देनारियस पाडविलें. त्याच्या एका बाजूस दोन खंजीर, मध्यें दास्यमुक्त गुलामास मिळणारी टोपी आणि खालीं वधाची तिथि आहे. दुसऱ्या बाजूस ब्रूटसचें स्वतःचेंच मुख आहे!

ब्रूटसचा कैवारी म्हणेल कीं, हें नाणें सैन्याच्या पगारासाठीं होतें. शिपाई पगार देणाऱ्याला ओळखून लढतो, तेव्हां सेनापतीचें मुख त्यावर आलें तर दोष कोणता? या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु अशीच गरज सीझरलाही सांगतां आली असती. जी सवलत आपण गरज म्हणून घेतों, तीच दुसऱ्यानें घेतली कीं तिला महत्त्वाकांक्षा म्हणतों. कोणीही एक मनुष्य प्रजासत्ताकाहून मोठा होऊं नये, एवढेंच त्या वधाचें समर्थन होतें. तो नियम स्वतःस लागू न केल्यास मागें केवळ वध उरतो.

इ. स. पू. ४२ मध्यें फिलिप्पी येथें ब्रूटस पराभूत झाला व त्यानें आत्महत्या केली. पुढील बादशहांनीं नाण्यावर स्वतःचें मुख ठेविलें, आणि मागील बाजूस लिबर्टासलाही अनेकदां जागा दिली. नाण्यांतलें रुपें मात्र घटत गेलें, आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत तें नांवापुरतें उरलें. स्वातंत्र्याचें नांव घेण्याची सत्तेला भीति वाटत नाहीं. म्हणून स्वातंत्र्यवाद्याची परीक्षा त्याच्या घोषणेवरून करूं नये. अधिकार हातीं आल्यावर त्यानें स्वतःला काय नाकारलें, हें पाहावें.